गाडीचं कपाळ

आमच्या घरात रोज सकाळी दोघींना कुंकू लागायचं. एक देव्हाऱ्यातली देवी आणि दुसरी दारातली गाडी. आई आंघोळ करून, ओल्या केसांवर पदर घेऊन, करंगळीशेजारच्या बोटावर कुंकू घेऊन बाहेर यायची आणि बॉनेटवर पुढच्या बाजूला, अगदी मधोमध, ते बोट टेकवायची. इतक्या वर्षांच्या कुंकवानं तिथला काळा रंग उडून एक तांबूस डाग कायमचा बसला होता. आई त्या जागेला गाडीचं कपाळ म्हणायची. गाडीला कपाळ आहे तर तोंड कुठे, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाली, ते तुझ्या तोंडापेक्षा कमी चालतं म्हणून दिसत नाही.

भिवंडीत निजामपुऱ्याच्या ज्या बोळात आम्ही राहत होतो तिथे डावीकडे लूम, म्हणजे यंत्रमाग, उजवीकडे लूम आणि मागच्या भिंतीला लागूनही लूमच. खटखटाट दिवसरात्र चालायचा. शिफ्ट बदलताना तो जरा विस्कळीत व्हायचा आणि पुन्हा लागायचा. पाहुण्यांना आमच्याशी ओरडून बोलावं लागे. आम्हाला मात्र त्या आवाजाखालून एकमेकांचं कुजबुजलेलंही ऐकू यायचं. शुक्रवारी लूम बंद असत. त्या दिवशी बोळात अशी शांतता पसरायची की चुलीवरच्या पेजेची रटरट बाहेरच्या ओट्यापर्यंत यायची, आणि मला उगाचच आपण सगळे पाण्याखाली राहतो आहोत असं वाटायचं. हवेत सदा सुताचं बारीक पीस तरंगत असे. दारातून उन्हाची तिरीप आत आली की ते हळूहळू वर चढताना दिसे, मध्येच वळे, चुलीकडे ओढलं जाई. मी ते बघत बसायचे. आई चाकावर लूमसाठी सुताच्या कांड्या भरता भरता म्हणायची, या पोरीला काम सांगितलं की हिला हवा दिसायला लागते. ती थट्टा करत होती, पण ते खरं होतं. मला हवा दिसायची आणि तिच्याकडे बघत राहण्यासारखं सुख मला दुसरं माहीत नव्हतं.

आबा, म्हणजे आमचे वडील, मूळचे वळ गावचे. भातशेती थोरल्या काकांवर सोपवून ते भिवंडीत आले, काही दिवस लूमवर ड्युटी केली, पण छपराखाली त्यांचा जीव रमेना. मग एका शेटची टाकून दिलेली विलायती गाडी त्यांनी घेतली, स्वतःच्या हातानं उभी केली आणि भिवंडी ते अंबाडी, कधी त्याच्याही पुढे, उतारू न्यायला लागले. बसतील तेवढी माणसं आणि त्यांच्या मांडीवर मावतील तेवढ्या टोपल्या. संध्याकाळी गाडी बोळात शिरली की तिला करवंदांचा, सुकटीचा, शेणमातीचा, कुणाच्या तरी अत्तराचा असा मिळून वास असे. आबा आधी तिच्या रेडिएटरच्या जाळीत बसलेलं सूत जुन्या ब्रशानं काढायचे, मग हातपाय धुवायचे, आणि मगच तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं घेऊन बसायचे. जेवतानाही त्यांची मान दाराकडे वळलेली असे. आईला सवत म्हणजे काय ते ठाऊक होतं, असं ती हसून सांगायची.

उन्हाळ्यात मात्र ही गाडी रुसायची. बॉनेटच्या आत इतकं तापायचं की नळीतलं पेट्रोल तिथेच उकळून त्याची वाफ व्हायची, आणि पंपाला वाफ काही ओढता येत नाही. इंजिन दोन उचक्या देऊन गप्प. मग आबा बॉनेट उघडून पंपावर ओलं फडकं टाकायचे आणि सगळे उतारू झाडाखाली बसून पानं चघळायचे. कुणाला घाई नसे. त्या रस्त्यावरच्या उन्हाळी दुपारी मला अजून आठवतात. डांबरावर पाणी साचल्यासारखं दिसायचं, जवळ गेलं की पुढे सरकायचं, आणि पळसाखाली बसलेली माणसं अर्धवट झोपेत एकमेकांशी बोलत असायची. गाडी बंद पडणं ही तोवर आमच्या लेखी एक विश्रांतीच होती.

माझी थोरली बहीण, सुमनताई, अंबाडीच्या पुढे आत एका गावात दिली होती. पहिल्या खेपेला सातवा सरत आला तेव्हा आबा तिला माहेरी आणायला निघाले. मी सोबत नव्हते. दुपारी, एका लांब चढणीच्या टोकाला, मोहाच्या झाडाशी गाडी बंद पडली. फडकं टाकलं, पाणी ओतलं, फुंकर मारून नळी मोकळी केली, काही केल्या ती लागेना. आणि ताईच्या पोटात कळा सुरू झाल्या. पलीकडच्या पाड्यावरच्या बायका धावत आल्या, त्यांनी लुगडी धरून आडोसा केला. मूल झालं ते रडलंच नाही. उन्हं कलली, गाडी निवली आणि मग काहीच झालं नव्हतं अशी लागली. आबांनी त्या रात्री आम्हाला एवढंच सांगितलं. नंतर त्यांनी ते कधी काढलं नाही, आणि गाडी धुताना त्यांचं ते गुणगुणणं बंद झालं.

सगळ्यांनी दोष गाडीला दिला. ताईच्या सासूनं दिला, आईनं दिला, बोळातल्या बायकांनी दिला. गाडीला म्हणजे कुणाला, हे आबांना बरोबर कळत होतं. ताई महिनाभर आमच्याकडे राहिली, भिंतीकडे तोंड करून निजायची, तिनं मात्र कुणालाच दोष दिला नाही, की काही बोलली नाही. सहा-सात महिने लोटले आणि तिला पुन्हा दिवस गेल्याचं कळलं. सातवा ऐन वैशाखात येत होता. दाजी निरोप घेऊन आले ते ओट्यावर चढेनात. चहाचा कप हातात धरून मान खाली घालून म्हणाले की आमच्या आईचं म्हणणं आहे, माहेरी धाडू, पण त्या गाडीतून धाडणार नाही. बैलगाडीनं न्या, नाहीतर इथंच होऊ द्या.  दाजी गेल्यावर आबांनी गाडीच्या दाराला टेकून बराच वेळ विडी ओढली आणि आत येऊन आईला म्हणाले,

“माझी लेक माझ्याच गाडीत बसून येल. न्हाय तर मी ही गाडी पुन्हा चालवायचा न्हाय.”

आईनं भाकरी थापायची थांबवली नाही, पण तिचा चेहरा मी पाहिला. आबांचं गाडीवाचून काय होईल ते तिच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं.

युक्ती आबांना आधीपासून सुचलेली होती. बॉनेटची कडी सैल करून, फटीत लूमची एक फुटकी कांडी अडकवून ते मधूनमधून गाडी चालवत. फटीतून आतली धग निघून जाई आणि गाडी बंद पडत नसे. पण एकदा वाऱ्यानं अख्खं बॉनेट उचलून काचेवर आपटलं, तेव्हा तो खेळ संपला. आता त्यांच्या मनात आलं की बॉनेटलाच भोकं पाडावीत. बोळाच्या तोंडाशी यासीनचाचांचं पत्र्याचं दुकान होतं. पेट्या, पिंपं, लूमचे पत्रे असलं सगळं ते करत. चाचांनी बॉनेटवर बोटांनी टकटक करून पाहिलं आणि म्हणाले, काटने को तो काट दूँगा, लेकिन कहाँ? आबांनी बोट ठेवलं ते नेमकं कुंकवाच्या डागावर.

आई दारात उभी होती. तिथे छिन्नी लागणार नाही, असं तिनं सांगितलं. सौभाग्याचं कुंकू लावते मी तिथे, कपाळाला भोकं पाडून कुणाचं भलं झालं आहे? तिच्या मनात मागल्या वर्षीचं भय होतंच, आणि त्या भयापुढे पंप आणि वाफ यांचं कुणी काय सांगणार? आबांनी वाद घातला नाही. त्यांनी विचार केला की इंजिनाची धग पेटलेल्या चुलीसारखी वर आणि मागेच जाणार, तर भोकं मागे, काचेच्या पायथ्याशी पाडली तरी चालतील. चाचांनाही ते पटलं. कपाळही राहिलं, भोकंही झाली, असं म्हणून सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि चाचांनी छिन्नी उचलली.

ती दुपार मी चाचांच्या दुकानात घालवली. बॉनेट उतरवून लाकडाच्या ओंडक्यावर पालथं घातलं होतं. चाचा आधी चीर पाडत, मग चिरेची एक कड आतून हलक्या हातानं ठोकत ठोकत वर उचलत, म्हणजे बाहेरून बघितलं की माशाच्या कल्ल्यासारखी एक फट दिसे, तिचं तोंड काचेकडे. पाऊस थेट आत जाऊ नये म्हणून तशी रचना, आणि पावसाळ्यात वरून रेक्झिनचा तुकडा बांधायचा असं ठरलं होतं. ठोक्यांना एक लय होती आणि पलीकडच्या लूमची दुसरी. दोन्ही मिळून मला गुंगी येत होती. चाचांच्या घरातून आलेला सरबताचा पेला हातात तसाच राहिला होता आणि मी पत्र्याच्या त्या ओळीकडे बघत होते. आजही हातोडीचा संथ आवाज कुठून आला की माझे डोळे जड होतात.

आता गंमत ऐका. माझ्या नातवानं अलीकडे गाडी घेतली. तिच्या बॉनेटवर अगदी अशाच फटी आहेत, डौलदार. मी कौतुकानं बोट घालून पाहिलं तर आत पत्राच. भोक नाहीच. विचारलं तर म्हणतो, आज्जी, ते फक्त दिसायला असतं.  ज्या गोष्टीसाठी आमच्या घरात माणसं महिनाभर नीट जेवली नाहीत, ती आता दागिना म्हणून लावतात, हे त्याला कसं सांगायचं?

पहिली फेरी मारून आबा परत आले ते घामानं निथळत. गाडी उभी होती तोवर फटींतून छान धग बाहेर येत होती. पण वेग घेतला की सगळं उलटं व्हायचं. धग बाहेर पडेना, तापमानाचा काटा पहिल्यापेक्षाही लवकर चढला आणि पेट्रोलचा उग्र वास गाडीच्या आत भरला. अंबाडीच्या अलीकडेच ती बंद पडली. आबा ओट्यावर बसले आणि दोन्ही हात डोक्याला लावले.  आईनं ताकाचा पेला त्यांच्या शेजारी ठेवला आणि तो तसाच राहिला.

त्यानंतरच्या शुक्रवारी आबा वळला काकांकडे आंबे आणायला निघाले आणि मला सोबत घेतलं. मी पुढे बसले होते. बोळातून निघताना आमच्या गाडीला नेहमीच सूत चिकटलेलं असे. शेजारच्या सायझिंगमध्ये सुताला लावायची खळ कुठे सांडायची, तिच्यात सूत अडकायचं आणि वाळायचं. त्या दिवशी बॉनेटवर असे दोन धागे चिकटले होते, एक पुढे कुंकवाजवळ आणि एक मागे काचेपाशी. रस्ता मोकळा होता, गाडीनं वेग घेतला. पुढचा धागा पत्र्यावरून उठला आणि वर ओढल्यासारखा थरथरायला लागला. मागचा मात्र काचेकडे उडायचा सोडून उलटा वळला होता, त्याचं टोक फटीत शिरत होतं. मी कितीतरी वेळ बघत राहिले. मला वाटलं, माझ्या डोळ्यांवर झापड आली आहे. मग माझ्या लक्षात आलं की ही तीच हवा, जी मी घरात तिरिपीत बघते. काचेला आपटून ती मागे फिरत होती आणि आमच्या भोकांतून आत घुसत होती. मी आबांना सांगितलं. त्यांनी गाडी हळू केली, पुन्हा पळवली, पुन्हा हळू केली. आंबे आणायचे राहूनच गेले.

घरी येऊन आम्ही दोघांनी वाटीभर खळ घेतली, आईच्या कांड्यांवरचं सूत तोडून बोटाएवढे धागे केले आणि अख्ख्या बॉनेटवर चिकटवले. बोळातली पोरं गोळा झाली. आई बाहेर आली, बघून तोंडाला पदर लावला आणि म्हणाली, हिचं लग्न काढलंत काय, मुंडावळ्या कशाला बांधल्यात? आबा हसले. वर्षभरात ते पहिल्यांदा हसले, म्हणून आईही हसली. मग आबांनी मागचं दार उघडून तिला बस म्हटलं. ती हात पुसत बसली. यासीनचाचाही नमाजाहून येत होते, तेही पुढे बसले. आम्ही वाडा गावाकडे जाणाऱ्या रस्त्याला लागलो.

त्या फेरीचं वर्णन मला नीट करता येणार नाही. दुपारची वेळ, रस्त्यावर चिटपाखरू नाही, दोन्ही बाजूंना कापणी होऊन गेलेली पिवळी शेतं, आणि समोर काळ्या पत्र्यावर शेकडो पांढरे धागे जिवंत झालेले. कडेचे धागे शहाण्यासारखे मागे झोपून होते. काचेजवळचे भांबावून उलटसुलट वळत होते. आणि मधोमध, कपाळाच्या डागाभोवती, ते सगळे उभे राहून वर ओढले जात होते, कुणीतरी वरून अदृश्य हातानं त्यांना बोलावत असल्यासारखे. चाचा हळूच म्हणाले, हवा तो यहाँ से खींच रही है, भाई. वारा सगळ्यात जास्त जिथून ओढून घेत होता ती जागा आईनं रोजच्या बोटानं खूण करून ठेवलेली होती. आई काचेकडे बघत राहिली. 

दुसऱ्या दिवशी सकाळी ती नेहमीसारखी ओल्या केसांनी बाहेर आली. बोटावर कुंकू होतं. बॉनेटसमोर थोडा वेळ उभी राहिली, मग बाजूला सरकली आणि गाडीच्या दाराच्या कडेच्या खांबाला ते बोट टेकवलं. आबा दात घासत होते, त्यांचा हात तोंडातच राहिला.

“आजपासनं हितं लावीन,” आई म्हणाली. “कपाळ काय, माणूस सांगल तिथं आसतं. पोर नीट यायला पायजे.”

एवढं बोलून ती आत गेली आणि भांडी वाजवायला लागली. मला ठाऊक होतं की ती रडते आहे. आबांनाही ठाऊक होतं. ते तसेच तोंडात दातवण घेऊन चाचांकडे गेले.

या वेळी चाचांनी घाई केली नाही. कुंकवाच्या डागावरून त्यांनी आधी ओलं फडकं फिरवलं, मग स्वतःच्या हातानं खुणा केल्या आणि काम सुरू करण्याआधी दुआ पुटपुटली. मागची भोकं पत्रा लावून बुजवली. नव्या फटी दोन ओळींत, तोंड काचेकडे, कडा कानशीनं गुळगुळीत घासलेल्या. बॉनेट पुन्हा बसवून इंजिन चालू केलं आणि थोड्या वेळानं फटींवरची हवा हलायला लागली. पलीकडची भिंत, तिच्यावरचं वाळत घातलेलं लुगडं, दारात उभी असलेली आई, सगळं त्या हवेतून लहरत दिसत होतं. उन्हाळ्याच्या रस्त्यावर जे पाणी साचल्याचा भास व्हायचा ते आता आमच्या गाडीतून वर जात होतं. मी हात धरला, तळवा भाजला. आबांनी अंबाडीच्या पुढे एक, त्याच्यापुढे एक अशा भर दुपारच्या फेऱ्या मारल्या, मुद्दाम चढणीवर रेटून पाहिलं. ती थांबली नाही.

ताईला आणायला आबा आणि मी गेलो. आम्हाला भाऊ नव्हता, तेव्हा मुराळी मीच. ताईच्या सासूबाईंनी पाणी दिलं, गूळ दिला, बसायला घोंगडी दिली, आणि मग मागचं सगळं काढलं. त्यांचंही काही चुकलं होतं असं मला आज वाटत नाही. त्यांचाही नातू होता तो. आबा ऐकून घेत होते. मग त्यांनी फटींविषयी सांगायला सुरुवात केली, हवा कशी ओढते, धागे कसे उभे राहतात, आणि बोलता बोलता त्यांचं त्यांनाच कळलं की या अंगणात हे कुणाला समजणार नाही. ते थांबले. तेवढ्यात ताई आतून आली. तिच्या हातात बोचकं होतं. ती सासूच्या पाया पडली, आमच्याकडे न बघता चालत गेली, गाडीचं मागचं दार उघडलं आणि आत बसली. तिला कुणी बस म्हटलं नव्हतं. सासूबाई बराच वेळ गाडीकडे बघत राहिल्या, मग आत जाऊन त्यांनी उशी आणली आणि तिच्या पाठीशी लावली.

मी ताईशेजारी बसले. ऊन मी म्हणत होतं. तिनं माझा हात धरून पोटावर ठेवला, आतून एक जोराची ढुशी बसली. त्या ढुशीची मालकीण आज ठाण्यात राहते आणि माझ्याशी प्रत्येक गोष्टीवर वाद घालते, पण तेव्हा मी घाबरून हात मागे घेतला आणि ताई हसली. समोर बॉनेटवरची हवा लहरत होती, तिच्यातून रस्ता, झाडं, लांबचा डोंगर पाण्यातल्यासारखे दिसत होते. आबा स्टिअरिंगवर वाकून बसले होते. ती लांब चढण यायला लागली तसे त्यांचे खांदे वर आले. मोहाचं झाड दिसलं. गाडी चढत होती, आवाजात कुठे खोट नव्हती. झाड जवळ आलं आणि ताई म्हणाली,

“आबा, थांबवा.”

आबांना वाटलं तिला कळा आल्या. त्यांनी कडेला घेतली, पण इंजिन चालू ठेवलं. तापलेलं इंजिन बंद करून पुन्हा लावणं, हीच तर या गाडीची खरी परीक्षा होती, आणि ती देण्याची हिंमत त्यांना नेमकी त्या जागी होईना. ताई म्हणाली, बंद करा, मला तुमच्याशी बोलायचं आहे. त्यांनी किल्ली फिरवली. इतकी शांतता झाली की फटींतून वर जाणारी धग ऐकू येईल असं वाटलं. ताई उतरली, हळूहळू चालत झाडाशी गेली आणि बुंध्याला हात लावून उभी राहिली. आम्ही तिच्या मागे गेलो.

“तो आदल्या दिवसापासनंच हलत नव्हता, आबा,” ती म्हणाली. “मी गाडीत बसले तेव्हाच तो गेला व्हता. मला कळलं व्हतं.”

 ती सांगत होती की घरात बोलली असती तर सासूनं वैदूला बोलावलं असतं, तिला हलू दिलं नसतं, आणि तिला काही करून आईकडे यायचं होतं. म्हणून ती गप्प बसली. पुढे सगळे गाडीला बोलत राहिले आणि तिला वाटलं, बोलू द्या, गाडीला काय कळतं? आबा ते स्वतःवर घेतील हे तिच्या ध्यानातच आलं नाही. दाजी मध्ये पुन्हा एकदा आमच्याकडे येऊन गेले होते, त्यांनी भोकांचं, धाग्यांचं, आईच्या कुंकवाचं सगळं घरी जाऊन सांगितलं, तेव्हा तिला कळलं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती.

आबा तिच्याजवळ गेले. त्यांना लेकीला कधी जवळ घेतलेलं मी पाहिलं नव्हतं. त्यांनी आपला डोक्याचा रुमाल सोडला आणि तिचं तोंड पुसलं, लहान मुलाचं पुसतात तसं.

“गाडी बी तापलीच व्हती, बाय,” ते म्हणाले. “ते काय खोटं न्हाय. तू एकटीनं घ्यायचं न्हाय.”

आम्ही तिघं त्या सावलीत किती वेळ बसलो ते मला सांगता येणार नाही. आबांनी बाटलीतलं पाणी तिला पाजलं, मला पाजलं, मग स्वतः प्यायले. पाड्यावरची एक म्हातारी शेळ्या घेऊन गेली, तिनं ताईला ओळखलं आणि जाता जाता तिच्या पाठीवरून हात फिरवला. मग आबा उठले, ताईला हाताला धरून गाडीपर्यंत आणलं, उशी नीट केली, दार हळू लावलं. मी पुढे बसले. ताई मागून विचारत होती की आईनं आंब्याचं लोणचं घातलं का, आणि आबा सांगत होते की घातलं, पण या वर्षी मीठ जास्त झालं आहे. चढण संपून बराच पुढे आल्यावर माझ्या लक्षात आलं की आपण चाललो आहोत. गाडी केव्हा सुरू झाली, ते आमच्यापैकी कुणीच पाहिलं नव्हतं.